आमदार-खासदारांची वकिली आणि सुप्रीम कोर्ट: वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या पत्रांत एकाच विषयाचे प्रश्न जास्त आहेत: राजकारण करणारा माणूस वकिली कशी करतो, थेट सुप्रीम कोर्टात कसा उभा राहतो, आणि त्याचा सामान्य पक्षकाराशी काय संबंध. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

शिंदे आणि ठाकरे यांच्या खटल्यात दोन्ही बाजूंनी खासदारच बोलत होते. संसदेचा पगार घेणाऱ्याला वकिलीची परवानगी कशी? (कळवा)

बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे देशातल्या वकिलांचे नियमन करणारी संस्था, हिच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. आमदार-खासदारांना तिजोरीतून पगार मिळतो, तेव्हा त्यांनाही हा नियम लावा, अशी मागणी भाजपचे नेते आणि वकील अश्विनीकुमार उपाध्याय यांनी याचिकेतून केली होती. २५ सप्टेंबर २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती फेटाळली. मुद्दा पगाराचा नव्हता, नोकरीचा होता. आमदाराला कोणी मालक नाही, त्याला कोणी कामावर ठेवत नाही आणि काढूही शकत नाही. त्याला मतदार निवडून देतात आणि त्याचे पद राज्यघटनेतून येते. त्यामुळे तो ‘नोकर’ ठरत नाही. बार कौन्सिलने लोकप्रतिनिधींवर बंदी घालणारा वेगळा नियम केलेला नाही, हेही कोर्टाने नोंदवले.

याच्याशी १९९६ चा डॉ. हनीराज चुलानी यांचा निकाल ताडून पाहा. डॉक्टरकी चालू ठेवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मागणाऱ्या या अर्जदाराला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नकार दिला आणि सुप्रीम कोर्टाने तो योग्य ठरवला. वकिली हा पूर्ण वेळ मागणारा व्यवसाय आहे, दोन घोड्यांवर बसता येणार नाही, असा त्याचा रोख होता. डॉक्टरला जे नाकारले ते खासदाराला का मिळते, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. कायद्याचे उत्तर एवढेच, की डॉक्टरसाठी नियम आहे आणि खासदारासाठी नाही.

तुम्ही म्हणता त्या खटल्यात ठाकरे गटाकडून कपिल सिब्बल आणि अभिषेक मनू सिंघवी होते, शिंदे गटाकडून हरीश साळवे, नीरज किशन कौल आणि महेश जेठमलानी. यांपैकी सिब्बल, सिंघवी आणि जेठमलानी तेव्हा राज्यसभेत होते. २१ फेब्रुवारी २०२३ पासून सुप्रीम कोर्टाने सुनावणीचे शब्दांकन प्रसिद्ध करायला सुरुवात केली, ती याच खटल्यापासून. ते कोर्टाच्या संकेतस्थळावर वाचता येते. कोण किती वेळ बोलला, न्यायमूर्तींनी कुठे अडवले, कोणता मुद्दा सोडून द्यावा लागला, सगळे त्यात आहे. टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा ते वाचा. ११ मे २०२३ चा निकाल उद्धव ठाकरे यांच्या राजीनाम्यावर का अडला, ते तिथे स्वच्छ समजते. बहुमत चाचणीला सामोरे न जाता त्यांनी पद सोडले, म्हणून आधीचे सरकार परत आणता येणार नाही, असे पाच न्यायमूर्तींनी सांगितले.

हितसंबंधांची अडचण मात्र राहतेच. सभागृहात ज्या विधेयकावर मत दिले, त्याच कायद्याविरुद्ध कोर्टात उभे राहणे आज चालते. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याच्या सुनावणीत तेच दिसले. राज्यसभेच्या सदस्यांना आपल्या व्यावसायिक कामाची नोंद सभागृहाच्या हितसंबंध नोंदवहीत करावी लागते. आमच्या मते ही नोंद नुसत्या ‘वकील’ या शब्दावर न थांबता कोणत्या कंपन्यांची आणि कोणत्या सरकारांची कामे घेतली, इथपर्यंत जायला हवी आणि ती विधानसभेलाही लागू व्हायला हवी.

मंत्री झाल्यावर सनद रद्द होते का? (वाशी)

रद्द होत नाही, स्थगित ठेवली जाते. वकिलाने मूळ सनद जोडून राज्य बार कौन्सिलला कळवायचे, की अमुक तारखेपासून मी व्यवसाय थांबवत आहे. पद गेल्यावर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र देऊन, मधल्या काळात आपण अपात्र ठरलेलो नाही हे सांगून, ती पुन्हा चालू करून घ्यायची. मंत्री हा स्वतःच सरकार असतो आणि देशातला सर्वात मोठा पक्षकार सरकारच आहे. त्यामुळे मंत्री असताना कोर्टात उभे राहायचे नाही, ही रीत कटाक्षाने पाळली जाते.

कपिल सिब्बल आणि पी. चिदंबरम मंत्रिपदाच्या काळात वकिलीपासून दूर होते आणि २०१४ नंतर पुन्हा कोर्टात दिसू लागले. सिंघवी केंद्रात कधीच मंत्री नव्हते, त्यामुळे त्यांची वकिली सलग चालली. अरुण जेटली यांनी २००९ मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाल्यावरच काम थांबवले. नियमाने त्यांना तेव्हा तसे करण्याची सक्ती नव्हती.

बाबासाहेब सुप्रीम कोर्टात वकील म्हणून उभे राहिले होते का? (कोपरी)

हो, आणि तो प्रसंग कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

डॉ. आंबेडकर १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. १९४७ ते १९५१ ते देशाचे कायदामंत्री होते. १९५१ मध्येच पहिली घटनादुरुस्ती झाली. जमीनदारी रद्द करणाऱ्या कायद्यांना संरक्षण देणारी कलमे ३१ अ आणि ३१ ब, तसेच नववे परिशिष्ट तेव्हा घटनेत आले. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ मध्ये बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या जमीनदारी कायद्यांविरुद्धची प्रकरणे सुप्रीम कोर्टात एकत्र चालली. सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांच्यासह पाच जणांचे पीठ होते. टिळक मार्गावरची इमारत १९५८ मधली, त्यामुळे कोर्ट तेव्हा संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या, म्हणजे संस्थानिकांच्या सभेच्या, दालनात भरत असे. तिथे उत्तर प्रदेशातल्या काही जमीनदारांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले.

त्यांनी ३१ अ आणि ३१ ब यांच्या शब्दांवर भर दिला नाही. ती कलमे तर ते मंत्री असतानाच झाली होती. त्यांचा युक्तिवाद असा होता: ही घटना स्वातंत्र्य, न्याय आणि समता यांसाठी आणि मर्यादित अधिकारांच्या सरकारसाठी आहे. म्हणून सार्वजनिक हेतू नसताना किंवा योग्य भरपाई न देता कोणाची मालमत्ता घेऊ नये, ही मर्यादा कलमात लिहिलेली नसली तरी घटनेच्या गाभ्यात आहे. कोर्टाने ते मान्य केले नाही. घटनेत स्पष्ट तरतूद असताना तिच्या आशयातून न लिहिलेली बंधने काढता येणार नाहीत, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

घटनेत न लिहिलेलीही काही मर्यादा असते, हा विचार मात्र तिथे संपला नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी ‘मूलभूत चौकट’ मान्य झाली, म्हणजे घटनेचा गाभा घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाही. दोन्ही युक्तिवाद एक नव्हेत. १९५२ मध्ये प्रश्न कायद्याच्या मर्यादेचा होता, १९७३ मध्ये घटनादुरुस्तीच्या मर्यादेचा. पण विचाराची दिशा एक आहे.

पत्रात पुढे विचारले आहे, की जमीनदारांची बाजू त्यांनी घेतलीच कशी. बार कौन्सिलचे आजचे नियमही सांगतात, की वकील ज्या कोर्टात काम करतो तिथले प्रकरण योग्य फी मिळत असेल तर त्याने घ्यावे; नाकारायचे तर तसे खास कारण हवे. पक्षकाराची बाजू हे वकिलाचे राजकीय मत नसते. राजकारणी वकिलांवर रोज होणाऱ्या टीकेतली निम्मी टीका हे विसरल्यामुळे होते.

आमच्या सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्सचा निकाल हायकोर्टात आमच्याविरुद्ध गेला. प्रभागातले एक पुढारी वकील आहेत. ‘माझ्या नावाने वकालतनामा द्या, सुप्रीम कोर्टात मीच लढतो’ म्हणतात. काय तपासावे? (घोडबंदर रोड)

डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे बिल्डरने जागेची मालकी सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर ती सरकारी आदेशाने करून घेणे. आधी तारीख तपासा. हायकोर्टाच्या निकालापासून विशेष अनुमती याचिकेसाठी, म्हणजे एसएलपीसाठी, ९० दिवस मिळतात. निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज अजून केला नसेल तर आजच करा. प्रत मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत, पण अर्ज केलाच नाही तर ती सवलतही नाही. मुदत उलटली तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो आणि उशिराचे कारण पटवून द्यावे लागते. ‘कमिटीची बैठक झाली नाही’ हे कारण फार कमजोर ठरते.

आता वकालतनामा, म्हणजे तुमच्या वतीने काम पाहण्याचे वकिलाला दिलेले अधिकारपत्र. सुप्रीम कोर्टात प्रकरण फक्त ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’, म्हणजे एओआर, दाखल करू शकतो. वकालतनामा त्याच्याच नावाने होतो आणि नोटिसा त्यालाच येतात. सुप्रीम कोर्ट नियम २०१३ प्रमाणे त्याचे ऑफिस दिल्लीत, कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असावे लागते आणि त्याच्याकडे नोंदणीकृत कारकून असावा लागतो. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच्या ऑफिसातून कोणी एओआर होत नाही. तुमचे पुढारी एओआर असतील तर त्यांचे नाव आणि क्रमांक कोर्टाच्या संकेतस्थळावरच्या यादीत दिसेल. नसतील तर ते एओआरच्या सूचनेवरून युक्तिवाद करू शकतात, दाखल करू शकत नाहीत. आणि कोर्टाने त्यांना ‘वरिष्ठ वकील’ हा दर्जा दिला असेल तर तुमच्याकडून थेट काम घेणे किंवा वकालतनामा स्वतःच्या नावाने करणे त्यांना नियमानेच मना आहे. म्हणून ‘माझ्या नावाने द्या’ या वाक्यावर थांबा आणि एओआर कोण, हे लेखी विचारा.

कागद असे लागतात: हायकोर्टाचा निकाल, जिल्हा उपनिबंधकांचा आदेश, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचे अधिकारपत्र, करारनाम्याची प्रत, मंजूर नकाशा. मराठीतल्या प्रत्येक कागदाचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. गाडी इथेच सर्वात जास्त अडते. सातबारा, फेरफार, सभेचे इतिवृत्त यांचे भाषांतर घाईत होते, गट क्रमांक किंवा क्षेत्रफळ चुकते आणि कोर्टाची रजिस्ट्री त्रुटी काढते. त्रुटी मुदतीत दूर झाली नाही तर याचिका सुनावणीला लागतच नाही. भाषांतर झाल्यावर सोसायटीतल्या दोघांनी आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. त्याला एक संध्याकाळ पुरते.

याचिका दाखल झाली की डायरी क्रमांक मिळतो. तो वकिलाकडून मागून घ्या आणि संकेतस्थळावर ‘केस स्टेटस’मध्ये स्वतः टाकून पाहा. ‘दाखल केली आहे’ असे महिनोन्महिने ऐकवले जाते आणि डायरी क्रमांकच नसतो, अशा तक्रारी येतात. हा क्रमांक हातात आल्याशिवाय उरलेली फी देऊ नका. फी किती आणि कशासाठी, म्हणजे मसुदा, दाखल करणे, प्रत्येक तारखेचा युक्तिवाद, हे वेगवेगळे लिहून घ्या. ‘निकाल लागला तर इतके टक्के’ हा करार वकिलाला नियमाने करता येत नाही.

शेवटी अपेक्षा. एसएलपी हा अपिलाचा हक्क नाही. आधी अनुमती मागायची असते आणि बहुतेक याचिका पहिल्याच सुनावणीत, काही मिनिटांत फेटाळल्या जातात. खालच्या कोर्टाने पुरावा चुकीचा वाचला, एवढ्यावर अनुमती मिळत नाही. कायद्याचा मोठा प्रश्न किंवा उघड अन्याय दाखवावा लागतो. वकिलाचे राजकीय वजन या काही मिनिटांत कामाला येत नाही, याचिकेच्या पहिल्या चार पानांतला तारखांचा तक्ता, म्हणजे प्रकरणाचा तारीखवार घटनाक्रम, येतो.

मी ऐरोलीत राहते, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विद्यार्थी संघटनेत काम करते. राजकारण न सोडता सुप्रीम कोर्टापर्यंत कसे पोहोचता येईल?

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनदेसाठी अर्ज करा. ३० जुलै २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार नोंदणीची फी खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. कॉलेजात कोणी जास्त आकडा सांगितला तर या निकालाचा हवाला द्या. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा.

सनदेला चार वर्षे झाली की दहा वर्षे जुन्या एओआरकडे एक वर्षाचे प्रशिक्षण घेता येते. त्यानंतर चार पेपर: कार्यपद्धती, मसुदालेखन, वकिली आणि व्यावसायिक नीती, आणि महत्त्वाचे निकाल. प्रत्येकी १०० गुण. प्रत्येकात किमान ५० आणि एकूण ६० टक्के, म्हणजे ४०० पैकी २४० लागतात. प्रत्येकात काठावर पास होऊन भागत नाही, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. मसुद्याच्या पेपरसाठी तयार नमुने पाठ करण्याऐवजी जुन्या याचिकांचा तारखांचा तक्ता स्वतः लिहून काढा.

वरिष्ठ वकील हा दर्जा वेगळा आहे. तो परीक्षेने मिळत नाही, कोर्ट देते. २०१७ च्या इंदिरा जयसिंग निकालाने त्यासाठी गुणपद्धत आणली होती. मे २०२५ मध्ये ती रद्द झाली आणि निर्णय पुन्हा सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीकडे आला. तो निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख न्या. अभय ओक. त्यांची वकिली १९८३ मध्ये ठाणे जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या चेंबरमधून सुरू झाली होती. जिल्हा कोर्टातली सुरुवात कमी प्रतीची मानू नका. साक्षीदाराची उलटतपासणी तिथेच शिकता येते.

संघटनेचे काम चालू ठेवायला हरकत नाही. फक्त पक्षाने पूर्णवेळ पगारावर ठेवले तर नियम ४९ तुम्हालाही लागू होईल.

राजकारणी न्यायाधीश होतो आणि न्यायाधीश निवृत्त होऊन राजकारणात जातो. याला अटकाव नाही का? (नेरुळ)

घटनेत नाही. कलम १२४ प्रमाणे सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी पाच वर्षे हायकोर्टाचे न्यायमूर्तिपद, किंवा दहा वर्षे हायकोर्टातली वकिली, किंवा कायदेपंडित म्हणून मान्यता हवी. पक्षाचे सदस्यत्व ही अपात्रता नाही. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात मंत्री होते आणि १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात आले. न्या. के. एस. हेगडे राज्यसभेतून न्यायपीठावर गेले, १९७३ मध्ये ज्येष्ठता डावलली म्हणून राजीनामा दिला आणि १९७७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. न्या. बहारुल इस्लाम यांनी १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले. माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत, मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. महाराष्ट्र भाजपच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांची २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाली तेव्हा हीच चर्चा पुन्हा झाली.

निवृत्त सुप्रीम कोर्ट न्यायमूर्तीला देशातल्या कोणत्याही कोर्टात वकिली करता येत नाही, एवढी बंदी घटना घालते. सभागृहात जायला बंदी नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांचे अंतर सक्तीचे असावे, या मताचे आम्ही आहोत. ते कायद्याने करता येईल.

दोषी ठरलेला आमदार वकिली चालू ठेवू शकतो? (दिवा)

दोन वेगळे कायदे आहेत. दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याने आमदारकी जाते आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर ती लगेच जाते. सनद मात्र आपोआप जात नाही. त्यासाठी बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने कारवाई करावी लागते. नवीन सनद मागणाऱ्याला नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर सुटकेनंतर दोन वर्षे ती मिळत नाही.

आमच्या नाक्यावर वाढदिवसाचा बॅनर आहे, नावाखाली ‘सुप्रीम कोर्ट वकील’. हे खरे आहे का, ते कसे शोधायचे? आणि असे लिहिणे चालते का? (नौपाडा)

निवडणूक लढवली असेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्यांचे नमुना २६ मधले प्रतिज्ञापत्र काढा. शिक्षण, व्यवसाय आणि मागील पाच वर्षांचे उत्पन्न त्यात असते. त्यात खोटे लिहिले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सनद क्रमांक ‘एमएएच’, मग आकडा, मग वर्ष असा असतो. तो घेऊन राज्य बार कौन्सिलकडे खातरजमा करता येते.

नंतर सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर त्यांनी सांगितलेल्या प्रकरणाचा कामकाज आदेश उघडा. वरती कोर्ट क्रमांक आणि तारीख, मग न्यायमूर्तींची नावे, मग ‘याचिकाकर्त्यासाठी’ आणि ‘प्रतिवादीसाठी’ असे दोन गट. प्रत्येक नावापुढे वरिष्ठ वकील, वकील किंवा एओआर असे लिहिलेले असते. पूर्वी या गटात वीस-वीस नावे घुसडली जात, त्यामुळे नाव दिसले म्हणजे काम केले असे नव्हते. मार्च २०२५ मध्ये कोर्टाने सांगितले, की प्रत्यक्ष हजर राहून युक्तिवाद करणारा आणि त्याच्या मदतीला एक, एवढ्यांचीच नोंद व्हावी. म्हणून त्यानंतरचे आदेश जास्त भरवशाचे समजा.

बॅनरबद्दल: नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. नावाची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी आणि तिच्यावर बार असोसिएशनचे पद, एखाद्या संस्थेशी संबंध किंवा विशेष प्रावीण्य लिहायचे नाही. वीस फुटी बॅनरवर ‘सुप्रीम कोर्ट वकील’ आणि खाली ऑफिसचा फोन असेल तर ती जाहिरातच आहे. ‘कार्यकर्त्यांनी लावला’ हा बचाव नेहमी येतो, म्हणून तारीख दिसेल असा फोटो आणि मजकुरातला फोन क्रमांक जपून ठेवा. वकील कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिथल्या आदेशावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून ६० दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील आहे. बॅनर बेकायदा जागेवर असेल तर ती तक्रार मात्र वेगळी, महापालिकेच्या प्रभाग समितीकडे द्या.